१७ हजारांची खोली

किल्लारीच्या भूकंपाचं नाव निघालं की आठवतात ती नव्याने वसवलेली गावं. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, एकासारखं एक घर. अशी ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी गेली आणि आणखी २२ गावं जागच्या जागी पुन्हा बांधली गेली. पाहुणे आले की त्यांना हेच दाखवतात, अभ्यासकही बहुतेक इथेच येतात.

त्याच भूकंपानंतर, त्याच पैशातून, याहून कितीतरी मोठं एक काम झालं. त्याचं सरकारी नाव ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर यांच्यासह १३ जिल्हे, अडीच हजारांच्या आसपास गावं आणि सुमारे १ लाख ८९ हजार घरं. पडलेली नव्हे, तडकलेली. मालक जिवंत, घर उभं, पण रात्री आत झोपायची छाती होत नाही, अशी. या कामाला उद्‌घाटनाची फीत नव्हती, कारण दुरुस्त केलेल्या भिंतीसमोर फीत बांधायची कुठे हाच प्रश्न असतो. गरीब घरमालकाच्या दुरुस्तीला सरकारी पैसा आणि मधे स्वयंसेवी संस्था, अशी जी रचना आज ठिकठिकाणी सुचवली जाते, ती महाराष्ट्राने १९९० च्या दशकातच एवढ्या मोठ्या पटावर करून पाहिली होती. त्यातलं काय साधलं आणि काय हातातून निसटलं, ते नीट पाहायला हवं.

घर कसलं होतं

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. धक्का ६.२ रिश्टरच्या घरातला, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या रांगेत मधलाच. मेले मात्र ८ हजारांच्या जवळपास. हा भाग तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशावर सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या क्षेत्रात होता, त्यामुळे घर बांधताना धरणीकंपाचा विचार करायचं कुणाला कारणच नव्हतं.

इथलं घर म्हणजे माळवद. काळ्या दगडाची, मातीत रचलेली भिंत, दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं किल्ला आहे. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मधे दगडगोटे नि मातीची भर. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड क्वचितच. तेवढा लांब दगड घडवून घ्यायचा तर पाथरवटाची मजुरी मोजावी लागते, आणि भिंत त्याच्याशिवायही उभी राहतेच की. पिढ्यान्‌पिढ्या राहते. धक्का बसला की मात्र मधली भर खाली दबते, भिंतीला पोट सुटतं आणि दोन पदर दोन बाजूंना कोसळतात.

वर मातीचं छत. पावसाळ्यात कुठे गळलं की पुढच्या उन्हाळ्यात त्यावर मातीचा आणखी एक थर. आजोबांच्या काळात वीतभर असलेली माती नातवाच्या काळात दीड फुटावर जाते. दहा फूट बाय दहा फुटांची खोली धरा. दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, म्हणजे साडेसहा-सात टन. भरलेल्या ट्रॉलीहून जास्त वजन डोक्यावर घेऊन माणसं झोपत होती, आणि मे महिन्यात तीच माती घर गार ठेवायची म्हणून तिला दुवा देत होती.

या घरात एक गोष्ट मात्र चांगली होती. बऱ्याच माळवदांत छताचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, भिंत नुसती आडोशाला. त्यामुळे भूकंपानंतर काही ठिकाणी विचित्र दृश्य दिसलं: चारी भिंती ढासळलेल्या, पण मधे लाकडाचा सांगाडा जसाच्या तसा. म्हणजे घर मुळातून टाकाऊ नव्हतं. त्याला दुरुस्तीला वाव होता.

दुरुस्तीची कृतीही हाताशी होती. योगायोग असा की दुरुस्ती आणि भूकंपरोधक मजबुतीकरणाचं भारतीय मानक, आयएस १३९३५, त्याच १९९३ सालचं. छतावरची माती उतरवून अर्ध्या फुटावर आणायची. खांब जिथे तुळईला मिळतो त्या कोपऱ्यात लाकडाचा तिरका आधार द्यायचा. भिंतीला वरच्या अंगाने चहूबाजूंनी जाळी आणि सिमेंटचा पट्टा बांधायचा, कमरपट्ट्यासारखा. आणि सगळ्यांत नाजूक काम म्हणजे भिंतीत आरपार भोक पाडून त्यात आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरायचं, दोन पदर एकमेकांना टाचायचे. भोक मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद, डमरूसारखं. घणाने ठोकायचं नाही, एकेक दगड हलवत हलवत मोकळा करायचा, नाहीतर दुरुस्तीच्या धक्क्यानेच भिंत खाली यायची. अहमदाबादहून आलेले अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई हे या भागात राहून गवंड्यांना नेमकं हेच शिकवत होते.

पैसा

जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जावर (१९९४ मध्ये मंजूर, सुमारे २४.६ कोटी डॉलर) महाराष्ट्र सरकारने भूकंप पुनर्वसन प्रकल्प उभा केला. नव्या गावांत घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन किंवा हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. म्हणजे आधीची उतरंड नव्या गावातही तशीच मांडली गेली. दुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र तसं नव्हतं. तिथे माप नुकसानीचं. कमी नुकसान असेल तर १७ हजार रुपये, जास्त असेल तर ३४ हजार. वाड्याच्या मालकाला आणि दोन खणांच्या घरातल्या शेतमजुराला एकच दर. माझ्या मते हा निर्णय त्या अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यांत न्याय्य होता, आणि त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

१७ हजार म्हणजे किती? १९९६ साली इंदिरा आवास योजनेत मैदानी भागात अख्खं नवं घर बांधायला २० हजार मिळत. तेव्हा दुरुस्तीची ही रक्कम हातावर ठेवलेलं तुटपुंजं अनुदान नव्हती. शेतमजुराच्या घरात एवढा पैसा एकरकमी कधी आलेलाच नव्हता. आणि तो एकरकमी द्यायचाही नव्हता. बँकेत खातं, टप्प्याटप्प्याने हप्ते, आणि काम कुठवर आलं ते कनिष्ठ अभियंत्याने पाहून सांगितलं की पुढचा हप्ता. बांधणार घरमालक स्वतः. गवंडी त्याने शोधायचा, वाळू त्याने आणायची, पाणी त्याने मारायचं. ठेकेदार नाही.

कागदावर हे सुरेख दिसतं. गावात काय होतं याची कल्पना यावी म्हणून एक घर समजून चालू. खरं घर नव्हे, पण मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं. तीन भावांचं एकच माळवद. थोरला पुढच्या सोप्यात, मधला मागे, धाकटा वारला, त्याची बायको दोन लेकरांसह स्वयंपाकघराशेजारच्या खणांत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव अजून सासऱ्याचं. आता मदत एक घर म्हणून मिळणार की तीन चुली म्हणून? खातं कुणाच्या नावाने उघडायचं? यादी लागते चावडीवर, चर्चा होते पारावर, आणि पारावर ती विधवा जाऊन बसत नाही. घर कुठे गळतं, कुठली भिंत रात्री खडखडते, हे सगळ्यांत जास्त तिला माहीत. अभियंता येतो तेव्हा बोलतो थोरल्या दिराशी.

संवाद सहायक

कार्यक्रम सुरुवातीला अडखळला तो पैशाअभावी नाही. आपल्याला काय मिळणार, कधी, कशाबद्दल, हेच लोकांना नीट कळत नव्हतं. सरकारी माहिती तालुक्यातून तलाठी-ग्रामसेवकाकडे, तिथून सरपंचाकडे, तिथून पारावर अशी पाझरत यायची आणि वाटेत बरीचशी मुरायची.

इथे सरकारने एक असं केलं जे सरकारं सहसा करत नाहीत. लोकसहभागाचं काम एका स्वयंसेवी संस्थेकडे रीतसर सोपवलं. ही संस्था म्हणजे मुंबईच्या ‘स्पार्क’ या संस्थेतून उभी राहिलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’, आणि तिच्यामागे प्रेमा गोपालन. (गोपालन २०२२ मध्ये गेल्या.) संस्थेने घरं बांधली नाहीत, पैसा वाटला नाही. तिने गावोगावच्या बायका निवडून त्यांना तयार केलं आणि त्यांना नाव दिलं ‘संवाद सहायक’. लातूर आणि उस्मानाबादच्या हजारावर गावांत अशा सुमारे ५०० बायका काम करू लागल्या.

त्यांचं काम वाचताना फार छोटं वाटतं. यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची. १७ हजार कुणाला, ३४ कुणाला, आणि का, ते समजावायचं. बँकेचा फॉर्म भरून घ्यायचा. महिला मंडळाची बैठक लावायची. चार-पाच घरांनी मिळून सामान एकत्र आणलं तर स्वस्त पडतं हे हिशेब मांडून दाखवायचं. गवंडी लिंटेलचा, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरून जाणारा पट्टा घालतो का, सळईला आकडा वळवतो का, बांधकामाला पाणी पुरेसं पडतं का, यावर डोळा ठेवायचा. शेवटची गोष्ट बायकांच्या हातात जाणं अगदी साहजिक होतं, कारण विहिरीवरून आणलेलं पाणी भिंतीवर मारणारी बाईच असते. तिला जर कुणी सांगितलं की हे पाणी सात दिवस चुकलं तर सिमेंट फुकट गेलं, तर ती चुकवत नाही. हेच गवंड्याला सांगितलं तर तो मान हलवतो आणि दुसऱ्या कामावर जातो.

संस्थेला दिलेल्या पैशातून एकही वीट विकत घेतली गेली नाही, म्हणून असा खर्च लेखापरीक्षणात नेहमी डोळ्यांत सलतो. ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून तो आधी कापला जातो. पण या प्रकरणात बाकीचा सगळा पैसा जागेवर पोहोचला तो याच खर्चामुळे, असं माझं मत आहे. एकदा यादी मोठ्याने वाचली गेली की तिच्यात गपचूप नाव घुसवणं अवघड होतं. एकदा बाईला हप्त्याचा टप्पा माहीत झाला की तिच्यापुढे अभियंत्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणं अवघड होतं. हे काम सरकारी नोकराला जमलं नसतं का? जमलं असतं कदाचित. पण तो ज्या पायरीवर उभा असतो तिथून यादीबद्दल उलट प्रश्न विचारणं त्याला परवडत नाही.

मग दुरुस्ती झाली का?

आता या प्रकरणातली अडचणीची जागा. कार्यक्रमाचं नाव दुरुस्ती व मजबुतीकरण. पैसा दुरुस्तीचा. कृती हाताशी, शिकवणारे हाताशी. आणि बहुतेक लोकांनी त्या पैशातून जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. विटांची, सिमेंटची, लिंटेलचा पट्टा असलेली, वर पत्रे किंवा ऐपतीप्रमाणे स्लॅब.

तंत्रज्ञांना हे खुपलं, आणि खुपणं रास्त होतं. जुनं घर आठ-दहा खणांचं, त्याला टाचून, माती उतरवून सगळं कुटुंब सुरक्षित झालं असतं. त्याऐवजी एक भक्कम खोली आणि बाजूला तेवढंच धोक्याचं माळवद.

लोकांच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. दगडाखाली शेजारची लेकरं गेलेली ज्याने पाहिली, त्याला दगडाची भिंत आता पक्की झालीय हे कुठलं मानक पटवून देणार? भीती दगडाची होती, मातीची होती. सिमेंट म्हणजे सुरक्षित हे समीकरण त्या एका पहाटेत पक्कं बसलं, आणि ते चुकीचं असलं तरी अडाणी नव्हतं. शिवाय तीन भावांच्या माळवदाला घातलेला कमरपट्टा तिघांचा असतो. वेगळी खोली एकाचीच असते. ज्या विधवेबद्दल वर लिहिलं, तिला दिराच्या भिंतीला टाके घालण्यापेक्षा स्वतःच्या दाराची चार भिंतींची खोली हवी असणार, यात नवल काय?

गवंड्याचं गणितही बघा. वीटकाम हे त्याला येणारं, दिवसाला मोजता येणारं काम. डमरूच्या आकाराची भोकं पाडत बसणं हे वेळखाऊ, जोखमीचं, आणि वर कुणाला न दिसणारं. उद्या गावात कुणी विचारलं की तू काय बांधलंस, तर दाखवणार काय?

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते कारण हप्त्यांत दडलेलं आहे. जोत्यापर्यंत काम आलं, लिंटेलपर्यंत आलं, छत पडलं: नव्या खोलीचे टप्पे कनिष्ठ अभियंता टेप लावून मोजू शकतो. जुन्या भिंतीतला टाका एकदा गिलाव्याखाली गेला की तो आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही. माती अर्धा फूट राहिली की एक फूट, हे पाहायला वर चढून खणावं लागतं. कधीही चौकशी लागू शकते अशा पैशावर सही करणारा माणूस साहजिकच मोजता येण्याजोग्या कामाकडे झुकतो, आणि लोकांना ते झुकणं लगेच कळतं. धोरणात दुरुस्ती लिहिलेली होती. हप्त्यांच्या मांडणीत मात्र नवं बांधकाम लिहिलेलं होतं. दोहोंत जिंकणार कोण, हे विचारायलाच नको.

याला अपयश म्हणायचं का? अर्धवटच. १ लाख ८९ हजार घरमालकांना आपापल्या पैशाचं काय करायचं हे ठरवायची मुभा मिळाली, आणि त्यांनी ती वापरली. ज्या नव्या गावांत सगळं बाहेरच्यांनी ठरवून दिलं तिथल्या नाराजीच्या गोष्टी आजही संपत नाहीत: सरळ रस्त्यांवर भाऊकी विस्कटली, घर शेतापासून लांब गेलं, गोठ्याला जागा नाही. दुरुस्तीच्या गावांत तशा तक्रारी नव्हत्या. माणसं आपल्याच गल्लीत, आपल्याच देवळासमोर राहिली. मात्र सुरक्षिततेच्या हिशेबात खोट उरली. पत्र्याची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, म्हणून बऱ्याच घरांत माणसं पुन्हा माळवदातच दुपारी लवंडू लागली, म्हातारी रात्रीही तिथेच झोपू लागली, आणि भूकंपरोधक खोलीत ज्वारीची पोती लागली. सगळ्यांत मजबूत छताखाली धान्य आणि सगळ्यांत कमजोर छताखाली आजी, ही वाटणी कुठल्याही तज्ज्ञाने आखलेली नव्हती.

काय करता आलं असतं? दोन गोष्टी, आणि दोन्ही स्वस्त. पहिली, छतावरची माती उतरवण्याचं काम नव्या खोलीच्या हप्त्यापासून तोडून वेगळी, छोटी, सगळ्यांना सारखी रक्कम देऊन करून घ्यायला हवं होतं. त्याला ना सिमेंट लागतं ना कसबी गवंडी. फावडं, पाटी आणि घरची माणसं पुरतात, आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीवरचं चार-साडेचार टन वजन दोन दिवसांत उतरतं. दुसरी, टाका गिलाव्याखाली जाण्याआधी तो पाहून नोंदवण्याचा अधिकार संवाद सहायकांना द्यायला हवा होता. त्या गावातच होत्या, रोज तिथून जात होत्या. महिन्यातून एकदा येणाऱ्या अभियंत्याला जे दिसणं शक्य नव्हतं ते त्यांना येता-जाता दिसत होतं. पण त्यांच्याकडे बोलण्याचं काम होतं, सहीचं नव्हतं. बाईने बैठक घ्यावी इथपर्यंत व्यवस्था आली, बाईच्या सहीवर हप्ता सुटावा इथपर्यंत नाही आली.

पुढे

त्या बायका मात्र थांबल्या नाहीत. बांधकाम संपलं तरी मंडळं राहिली, बचत गट झाले. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या, आणि घर गमावलेल्या बायकांशी मोडक्या हिंदीत का होईना, यादी, हप्ता, पट्टा, पाणी याबद्दल बोलल्या. गुजरातने बहुतांश घरं घरमालकांच्याच हातून बांधून घेतली, त्यामागे लातूरचा हा अनुभव होता. स्वयं शिक्षण प्रयोग पुढे शेती आणि पाण्याच्या कामाकडे वळली. २०१६ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये भूकंपप्रवण नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला.

आज त्याच गावात कुणाचं माळवद तडकलं तर त्याने ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मैदानी भागात नव्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये देते. जुन्या छतावरची माती उतरवून भिंतीला पट्टा बांधायची तरतूद तिच्यात नाही. त्यामुळे तोही यादीत नाव यायची वाट बघतो, आणि पाऊस तोंडावर आला की माळवदावर आणखी चार पाट्या माती टाकतो.